काय खावं वाटतंय

टीव्हीवर हिरोनं विमानातून उडी मारली, तेव्हा शीतल घाईघाईनं रिमोट शोधत होती. विनोदी समजून तिनं सिनेमा लावला होता. डॉक्टरनं हिरोला मोजके दिवस सांगितले आणि तेव्हापासून तिला रिमोट सापडेना. सासरा, भुजंग, समोरच बसला होता.

"राहू दे गं," भुजंग म्हणाला. "पडू दे त्याला खाली."

हिरो पडला नाही. हवाई छत्री उघडली, तो डोंगरावर उतरला आणि लगेच नाचायला लागला. मरायला टेकलेल्या माणसाचा एवढा दम बघून भुजंगलाच धाप लागली. नवीन जालन्यात बियाण्यांच्या गोदामावर त्यानं उभी हयात रात्रपाळी केली होती. मरण्याआधी त्याला एकच गोष्ट करायची होती, झोप. आणि ती तर नंतरही मिळणार होती.

घरात कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं. पण डॉक्टरकडून आल्यापासून बायको, द्वारकाबाई, सारखी विचारत होती, "काय खावं वाटतंय?" त्यांच्याकडं हा प्रश्न दोघांनाच विचारतात. एकतर पोटुश्या बाईला, नाहीतर निघालेल्या माणसाला. भुजंग पोटुशी नव्हता.

सिनेमा संपला. मुलगा, हरिओम, बापाजवळ सरकला. "बाबा, तुमाला विमानात बसवू का? खर्चाचं बिलकुल बघू नका."

"वर जाणारच हाय न्हाई का मी? मंग आत्ता तिकीट कशाला काढून राह्यलास?"

हरिओम तोंड धुवायला उठला आणि बराच वेळ तोंडच धूत राहिला. शीतलनं रिमोटचे सेल काढले, परत बसवले.

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. "ठावं होतं, तर बोलला का न्हाई?"

"तूच रोज बोलून राह्यली की. काल शिरा, परवा धपाटे. गाभण म्हशीलाबी इतकं चारत न्हाईत."

ती रडता रडता हसली, मग हसल्याबद्दल पुन्हा रडली. "आता खरं सांगा. काय खावं वाटतंय?"

"माझं राहू दे. तुला काय खावं वाटतंय?"

"मला काय झालंय?"

"झालं न्हाई तरी सांग."

हरिओमच्या वेळी तिला कुणीतरी हे विचारलं होतं. त्यानंतर नाही. तिनं पदर खोचला, परत सोडला. शेवटी हळूच म्हणाली, "तव्यावरची भाकर. सगळ्यांच्या आदी." आणि सोन्याचा हार मागितल्यासारखी जीभ चावली.

"शीतल, पीठ मळ बाई," म्हणत भुजंग उठला. त्यानं पाट मांडला, आधी उलटा, मग सुलटा. ताटात ठेचा वाढला आणि भिंतीला टेकून धापा टाकत बसला. फुगलेली भाकर तव्यावरून थेट द्वारकाबाईच्या ताटात पडली.

तिनं पापुद्रा फोडला. भस्सकन वाफ आली, तसा तिनं हात मागं घेतला.

"खा की जल्दी."

"खाते."

पण गरम खायची तिला सवयच नव्हती. भाकर निवेपर्यंत दोघं ताटाकडं बघत बसून राहिले.