मोहाखाली विझलेली ट्यूब

वायर नाही, बटन नाही, आणि तरी ज्योतबाबाच्या हातातली ट्यूबलाइट पेटलेली! देवरीपलीकडच्या त्या गावातलं झाडून सारं माणूस शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमलं होतं. दिवेलागण होत आली होती. बाबा ती निळसर दांडी नाचवत गरजत होता, "माता का तेज है! पापी के पास जाते ही बुझ जाएगा!" तेज मातेचं, ट्यूब मात्र बाजारातली. पण हे तोंडावर बोलणार कोण? लोकांच्या हातात काठ्या होत्या.

आचल बिसेन गाडी उभी करून गर्दीत शिरली. वीज कंपनीच्या नव्या लाइनीची ती सर्वेक्षक. जुन्या लाइनीला लागून मोजणी करत गेला आठवडाभर ती याच शेतांतून हिंडत होती. आपण ठोकलेल्या लाल रंगाच्या खुंट्या उपटून बाबाच्या पायाशी टाकलेल्या तिला दिसल्या.

"हे काऊन उपटलं?" तिनं शेजारच्या केवळरामला विचारलं.

परवाच त्याचा बैल मेला होता. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "धुरपतानं गाडलं हाये. टोनही हाये थे, करणी करते. तिच्या धानाच्या बांदीत लाल खुट्या निंगाल्या, अन माहा बैल गेला."

धुरपता, गावातली एकटी विधवा, हिला बाबानं लाइनीच्या कडेला मोहाच्या झाडाखाली उभं केलं होतं. पदराचा बोळा तिनं तोंडात धरला होता. बाबा ट्यूब घेऊन तिच्याकडे निघाला, मोहाखाली शिरला आणि ट्यूब विझली.

लोक काठ्या सावरून पुढे सरकले.

"केस कापा अन जंगलात सोडा," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

"थांबा. खुट्या माह्या हायेत," आचल म्हणाली. "लाइनीच्या मोजणीच्या. मीच ठोकल्या."

"म्हंजे तुमी बी तिच्यातल्याच का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

काठ्या थोड्या तिच्याकडे वळल्या. पण एका जागेवरून घेतलेलं माप मोजणीत धरायचं नसतं, जागा बदलून पुन्हा घ्यायचं, ही सवय तिच्या अंगात भिनलेली होती.

"एकच करा. जागा बदला. धुरपताबाई तिकडं उघड्यावर, बाबा एकटे मोहाखाली."

"माता की परीक्षा लेगी तू?"

"तिची नाही, तुमची. पापी जवळ नसला तर ट्यूब पेटायलाच पाहिजे ना?"

केवळराम काठी टेकून म्हणाला, "होऊन जाऊ द्या. महाराज, भिऊन काऊन राह्यले?"

बाबाला मोहाखाली राहावं लागलं. ट्यूब काळीच. मग आचलनं ती उघड्यावर नेऊन धुरपताच्या हातात दिली. पेटली.

"वर बघा," आचल म्हणाली. "चार लाख व्होल्टची लाइन हाये. तिच्याखालच्या हवेत बी विजेचा ताण असतो, त्यानं ट्यूबमधला वायू उजळतो, हात कोणाचा बी असो. झाड तो ताण आपल्यावर घेते, खाली येऊ देत नाही. म्हणून यानं बाईला मोहाखाली उभं केलं."

आता त्याच काठ्या बाबाकडे वळल्या. आचल आडवी झाली. "काठ्या खाली. पोलिसांना बोलावते मी." लोकांनी ऐकलं, पण नाखुशीनं.

धुरपता अजून ट्यूब धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, ट्यूब माह्या हाती आली अन तवाच लाइन बंद पडली असती तं?"

आचलनं वरच्या तारांकडे पाहिलं. खरंच, लाइन कधीही बंद होते, दुरुस्तीसाठी, वादळानं. तसं झालं असतं तर ही बाई आत्ता जंगलात असती.

तेव्हा लोकहो, ट्यूब पेटली म्हणून धुरपताला सोडलं, यात समाधान मानू नका. माणसाची अशी परीक्षा घ्यायचीच नसते. बैल कशानं मेला ते ढोरांच्या डॉक्टरला विचारायचं, शेजारणीला नव्हे.