सात कानांचा मी

मी एका रेडिओ दुर्बिणीचा रिसीव्हर बोलतोय. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या कुरणात एक अवाढव्य थाळी आभाळाकडे तोंड करून उभी आहे. तिच्यावर टांगलेल्या खोलीत माझं बिऱ्हाड.

मला मेरिन हॅडोने घडवलं. माझ्या आधीच्याला एकच कान होता, एका वेळी आभाळाचा एकच ठिपका ऐकायचा. मेरिनने मला सात दिले. प्रत्येक कान म्हणजे लहरी टिपणारा एक कर्णा. कर्णे जवळ आणले तर एकमेकांना खेटायचे, लांब नेले तर कडेच्यांना नीट ऐकू येईना. किती जोडलं, किती मोडलं! मग मला थंडगार गोठवलं, कारण ऊब लागली की मी स्वतःशीच पुटपुटत बसतो.

इथे एक साधा नियम आहे. साती कानांना एकदम ऐकू आलं तर आवाज जमिनीवरचा. एकट्याला आलं तर आभाळातला. यंत्रं सांभाळणारा डुगल पॅस्को मटणाचा पाय गरम करताना दम न धरता चालू मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार उघडतो, तेव्हा त्यातून निसटलेल्या लहरींनी माझे साती कान किटतात.

"हावरटा, शिजू दे की जरा!" मेरिन ओरडते.

एका दुपारी मात्र फक्त चौथ्या कानाला टिचकीएवढा आवाज आला. फार लांबून आलेला. मेरिन हरखून गेली.

"मेरिनबाई, लेकराचा कान फुटलाय तुमच्या," डुगल म्हणाला. "आभाळाला कशाला मध्ये ओढता?"

वरिष्ठांनाही तेच पटलं. मला उतरवायचं ठरलं.

"थोडे दिवस द्या," मेरिन म्हणाली. "त्याच जागेकडे आता दुसरा कान वळवू. कान बिघडला असेल तर पुन्हा चौथाच ओरडेल. आभाळ बोलत असेल तर दुसऱ्याला ऐकू येईल."

थाळी जराशी सरकली. दिवस गेले. सगळं चिडीचूप. मी घाबरलो होतो. मेरिन पडद्यासमोर बसून पुटपुटायची, "तोंडघशी पाडू नकोस रे राजा."

आणि एका सकाळी टिचकी वाजली. दुसऱ्या कानात! चौथा गप्प. डुगलने पडदा दोनदा पाहिला, मग निमूटपणे मेरिनसाठी चहा करून आणला. ती रडत होती.

आता ती माझ्याहून जास्त कानांचं भावंड घडवते आहे. मी लवकरच खाली उतरेन, त्याचं वाईट वाटत नाही. एवढंच मागतो, तुमच्यातलं कुणी एकटंच म्हणालं, "मला ऐकू आलं," तर त्याला लगेच वेड्यात काढू नका. आधी तुमचा कान तिकडे वळवा.