सुटलेल्या सात ओळी

उमरावांच्या सभागृहात, अध्यक्षांच्या लोकरीच्या गादीमागे गुडघे टेकून बसलेल्या लेखनिक हंफ्री थ्रॉसेलनं एकदम कान टवकारले. समोर विधेयक वाचणारा कारकून बंधाऱ्याच्या कलमावरून थेट दंडाच्या कलमावर गेला होता. मधलं गावांचं कलम आलंच नाही.

आधी त्याला वाटलं, वाचणाऱ्यानंच गिळलं असेल. जेवणाची वेळ टळून गेली होती, उमराव जांभया देत होते, आणि अशा वेळी वाचणारा एखादा परिच्छेद गाळतो हे काही नवं नव्हतं. त्यानं मान उंच करून मेजावरून लोंबणारं चर्मपत्र पाहिलं. अक्षर त्याचंच होतं. बंधाऱ्याखाली दंड होता आणि दोहोंमध्ये काही नव्हतं.

विधेयक होतं लॉर्ड वॉल्डरिज यांचं. त्यांना आपल्या मुलखातली दलदल उपसून तिथं शेतं करायची होती आणि भोवती कुंपण घालायचं होतं. दुसऱ्या वाचनानंतर ते समितीकडे गेलं. समितीनं दलदलीकाठच्या तीन गावांचं म्हणणं ऐकून सात ओळींचं राखीव कलम जोडलं. बदकं-हंस चारणं, सुकवून चुलीत जाळायची दलदलीतली माती खणणं, वेत कापणं, ईल मासे धरणं, हे हक्क गावांकडेच राहतील, एवढंच त्यात होतं. पण त्या तीन गावांचा सगळा संसार त्या सात ओळींत होता.

समितीचा कागद हंफ्रीकडे यायचा आणि तो त्याची चर्मपत्रावर स्वच्छ प्रत करायचा. एकदा ती झाली की कागदाला कोणी विचारत नसे. कागद मेला, चर्मपत्र जन्मलं, असं त्यांच्या कचेरीत म्हणत. सव्वीस वर्षं हंफ्री हेच करत आला होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी येण्यासारखंही नव्हतं.

चूक कशी झाली हे त्याला बसल्या जागी कळलं. दोन्ही कलमांची सुरुवात एकच होती, ‘आणि वरील अधिकारानेच असेही ठरविण्यात येते की’. मंगळवारी तेवढं लिहून त्यानं पिसाचं टोक तासायला मान वळवली, आणि नजर परत कागदावर उतरली ती एक परिच्छेद खाली. शनिवारी राजेसाहेब अधिवेशन संपवणार होते, मेजावर अकरा विधेयकं साचली होती. एरवी प्रत झाली की एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ताडून पाहायचं, असा रिवाज होता. त्या दिवशी त्यानं तो टाळला आणि कागदावरच्या सगळ्या कलमांपुढे लाल खडूनं ताडून झाल्याच्या खुणा करून मोकळा झाला.

आणि बाहेर जिन्यावर मार्जरी डाउझिंग बसली होती. तिन्ही गावांनी मिळून तिला पाठवलं होतं, कारण तिची जीभ सगळ्यांत तिखट. चार दिवस चालत आली होती बिचारी. काल तिनं हंफ्रीला दारातच गाठलं होतं.

“मालक, आमचं लिवलं का त्यात? का नुसतंच हो हो म्हणून वाटंला लावताय?”

“लिहिलंय, बाई. मी स्वतःच्या हातानं लिहिलंय.”

“मला वाचता येत न्हाई. तुमी म्हणता म्हणून झालं म्हणायचं.”

झालं, असं तो म्हणाला होता. अगदी छातीवर हात ठेवून म्हणाला होता, आणि आता ते आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

वाचन संपलं. अध्यक्षस्थानावरच्या लॉर्ड चॅन्सेलरांनी प्रश्न मांडला. रिवाजाप्रमाणे सगळ्यांत धाकटा बॅरन आधी उठला. “संमत.” त्याच्या वरचा उठला. “संमत.” हा क्रम असाच बॅरन, मग बिशप, मग अर्ल असा वर चढत जाणार होता. शेवटचा मानकरी बसला की चर्मपत्रावर फ्रेंचमध्ये दोन शब्द पडणार, ‘खालच्या सभागृहास द्यावे’, आणि मग त्याला हात लावायची या सभागृहात कोणाची छाती नव्हती. खालच्या सभागृहाला चर्मपत्रच दिसणार. समितीचा कागद पेटीतच राहणार.

हंफ्रीनं शेजारी गुडघ्यांवर बसलेल्या वेनेबल्सचा झगा ओढला. ऑस्बर्ट वेनेबल्स मुख्य लेखनिक, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान आणि दहापट शहाणा. हंफ्रीनं कानात दोन वाक्यांत सगळं सांगितलं. वेनेबल्सचा चेहरा हलला नाही.

“कुणाच्या लक्षात आलंय का?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“नाही.”

“मग झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस?”

“साहेब, तुम्ही एखाद्या लॉर्डांच्या कानावर घाला. अजून वेळ आहे. वेगळी पट्टी जोडता येते.”

“येते. आणि मग विचारतील, कलम गाळलं कुणी? वॉल्डरिजच्या कारभाऱ्यानं ईस्टरला हरणाची तंगडी कुणाच्या घरी पाठवली होती? सगळ्या गावानं पाहिलीय ती. तुझी बायको अंथरुणाला खिळलेली. तिचा तरी विचार कर, थ्रॉसेल.”

तंगडी आली होती हे खरं. सणाला सगळ्यांकडेच काही ना काही यायचं, तशी ती आली होती आणि त्याच्या बायकोनं, ॲव्हिसनं, बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्लं होतं. हंफ्रीला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं.

बिशपांची रांग संपत आली. कोणी म्हणत होतं, कोणी पुटपुटत होतं, पण असंमत कोणीच नव्हतं. पहिले अर्ल उठले. हंफ्रीला वाटलं, कोणीतरी विचारेल, समितीतला एखादा तरी विचारेल की आम्ही घातलेल्या त्या ओळींचं काय झालं. समितीचे प्रमुख, ते म्हातारे बिशप, ‘संमत’ म्हणून हनुवटी छातीवर टेकवून बसले होते. लॉर्ड वॉल्डरिज मात्र टक्क जागे होते आणि चर्मपत्राकडे पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं होतं, हे हंफ्रीला त्यांच्या ओठांवरच्या पुसट हसण्यावरून कळलं. दोनच अर्ल उरले. वेनेबल्सनं टाक शाईत बुडवला.

हंफ्री उभा राहिला.

गुडघ्यांवर बसायच्या माणसानं त्या सभागृहात न विचारता उभं राहणं, ही गोष्ट कोणी पाहिलेली नव्हती. बोलणारे अर्ल अर्ध्यावर थांबले.

“महाराज, लेखात चूक आहे,” हंफ्री म्हणाला. “समितीचं एक कलम उतरायचं राहिलंय. चूक माझी आहे.”

पुढचं सगळं फार भरभर झालं. द्वारपालानं त्याला दंडाला धरून कठड्याबाहेर नेलं आणि गुन्हेगाराच्या जागी गुडघे टेकायला लावले. पेटीतून समितीचा कागद आला. सात ओळी होत्या, आणि त्यांच्यापुढे लाल खडूची खूणही होती. लॉर्ड वॉल्डरिज अगदी मऊ आवाजात म्हणाले की खूण आहे त्याअर्थी समितीनंच ते कलम रद्द केलं असावं. तेव्हा म्हातारे बिशप खडबडून जागे झाले आणि आपण काही रद्द केलेलं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग वॉल्डरिजांशी वैर असलेल्या एका अर्लनं, ज्याची भीती होती तोच, हरणाचा विषय काढला.

“तंगडी घेतली होतीस?” अर्लनं विचारलं.

“घेतली होती, महाराज.”

“म्हणजे विकला गेलास.”

“नाही, महाराज. विकला गेलो असतो तर उठलो नसतो.”

कोणीतरी हसलं. चॅन्सेलर हसले नाहीत. त्यांनी दोन-चार उमरावांशी खाली मान घालून बोलणं केलं आणि निकाल सांगितला. कलम वेगळ्या पट्टीवर लिहून विधेयकाला टाचावं, इथंच, आत्ता, सभागृहासमोर. ज्यानं गाळलं त्यानंच लिहावं. आणि तेवढं झालं की या इसमानं पुन्हा या दारात पाऊल टाकू नये.

त्याला मेजाशी नेलं. वेनेबल्सनं स्वतःचा टाक पुढे केला. हंफ्रीनं आयुष्यात लिहिल्या नव्हत्या इतक्या सावकाश त्या सात ओळी लिहिल्या. बदकं-हंस, माती, वेत, ईल. तिन्ही गावांची नावं त्यानं अंमळ मोठ्या अक्षरांत काढली. मग हंफ्रीनं पट्टी मोठ्यानं वाचली आणि वेनेबल्सनं कागद धरून ती ताडून पाहिली, रिवाजाप्रमाणे. सुई-दोरा आला. चर्मपत्र राठ होतं, सुई दोनदा हंफ्रीच्या बोटात गेली. पट्टी तीनदा वाचली गेली, पुन्हा धाकट्या बॅरनपासून संमत-संमत वर चढलं, आणि वॉल्डरिजसुद्धा सगळ्यांसमोर ‘असंमत’ म्हणू शकले नाहीत. वेनेबल्सनं फ्रेंच शब्द लिहिले. हंफ्रीनं टाक मेजावर ठेवला आणि तीन वेळा वाकून तो मागच्या पावली बाहेर पडला.

जिन्यावर मार्जरी उभी राहिली. काही विचारणार एवढ्यात न्यायखात्याचे दोन झगेवाले पंडित विधेयक घेऊन खालच्या सभागृहाकडे निघाले. हंफ्री आणि मार्जरीनं भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली. पंडितांच्या हातून एक अरुंद पट्टी लोंबत होती आणि तिच्यावरची शाई अजून ओली चमकत होती. सव्वीस वर्षांत हंफ्रीच्या हातून असं ठिगळ लावलेलं विधेयक कधी गेलं नव्हतं.

“आमचं कुठलं त्यात?” तिनं विचारलं.

“ते लोंबतंय ना, ते.”

“येवढंच?”

“एवढंच. पण आहे.”

ती वळणापर्यंत त्या पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, आता खालच्यांचं काय होतंय ते बघायला हवं, मी काय हलत न्हाई हितनं, तुमी जावा आत, तुमची कामं आसतील. हंफ्रीनं मागं वळून सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. ॲव्हिसला काय सांगायचं, हे त्याला अजून सुचत नव्हतं.

“काम नाही आता,” तो म्हणाला.

तिनं त्याच्या रक्ताळलेल्या बोटाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि पायरीवर सरकून त्याला बसायला जागा केली.