खाडी-बेट संयुक्त राज्याची ढाल

जे देश कधी झालेच नाहीत, त्यांच्या झेंड्यांत तरी चूक असू नये, असा झेंडेमास्तरांचा दंडक होता. खऱ्या देशांचं काय, त्यांच्याकडे सैन्य असतं, टपालखातं असतं, भाषणं ठोकायला माणसं असतात. झेंडा वाकडातिकडा निघाला तरी खपून जातं. खोट्या देशाकडे झेंड्यावाचून असतं काय?

मास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले मास्तर नव्हेत. पस्तीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढले आणि एका सोमवारपासून घरी बसले. घरी बसले म्हणजे बायकोच्या मानगुटीवर बसले. डबे कसे लावावेत, दोरीवर कपडे कोणत्या अंतराने वाळत घालावेत, याची रेखाटनं त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली तेव्हा बायकोने चष्मेवाल्याच्या दुकानात भरणाऱ्या मंडळाचा पत्ता काढला आणि त्यांना तिकडे पिटाळलं. सुंठेवाचून खोकला गेला म्हणून ती खूश झाली. पण खोकला दर शनिवारी दुपारी जायचा आणि संध्याकाळी गुंडाळी केलेले कागद घेऊन परत यायचा.

दुकानामागच्या खोलीत, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याखाली, चार-पाच पिकली पानं जमायची. नियम सोपा होता. इतिहासातली एक घटना उचलायची, ती घडलीच नाही असं धरायचं, आणि त्यातून जो देश निघेल तो चालवायचा. चष्मेवाल्याचा देश एका सेनापतीच्या पोटातून निघाला होता. ऐन लढाईच्या सकाळी त्याला जुलाब झाले नसते तर तीन प्रांत हातचे गेले नसते. मास्तरांचं खाडीराज्य एका पुरातून निघालं होतं. तीनशे वर्षांपूर्वी नदीने पात्र बदललं नसतं, तर जुनं बंदर गाळाने बुजलं नसतं आणि आज तिथे आपण असतो, असं मास्तर म्हणायचे. 'आपण' म्हणजे नक्की कोण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

झेंडे आणि राजचिन्हांच्या ढाली मात्र सगळ्यांच्या मास्तरच तपासायचे. त्यांचे नियम तीन. झेंडा लहान मुलाला न बघता काढता आला पाहिजे. त्यावर अक्षर नको. ज्याला छातीवर नाव लिहून हिंडावं लागतं तो कसला देश? आणि ढालीवर, आपण बघताना आपल्या डाव्या हाताला येणारा अर्धा भाग मानाचा, म्हणून सगळ्या प्राण्यांची तोंडंही तिकडेच हवीत. याशिवाय एक चौथी गोष्ट ते जाता-येता सुनवायचे.

"झेंडा काय भिंतीला चिकटवलेला असतो? वारा आला की फिरतो. मागची बाजू बघितल्याशिवाय माझ्यासमोर काही आणायचं नाही."

चष्मेवाल्याचा झेंडा या एका वाक्यावर सात वेळा परत गेला होता.

मास्तरांचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. त्याला मंडळात आणलं मास्तरांनीच, आणि आणल्या दिवसापासून त्याच्या अकलेबद्दल शंका घेतली तीही मास्तरांनीच. त्याचं बेटराज्य तसं साधं होतं: वादळाने आरमार परतलं नसतं तर काय, एवढ्यावर उभं. ढालीवर कासव. खाडीराज्याच्या ढालीवर बगळा. मंडळातल्या दोन राज्यांनी तह करून एक व्हावं, एकच ढाल करावी, ही कल्पना धाकट्याची. "दादा, आपण दोघं एकत्र येऊ या की," असं तो म्हणाला होता, आणि मास्तरांनी उपकार केल्यासारखी मान हलवली होती.

या गोष्टीला चार वर्षं झाली. ढाल दाखवायच्या शनिवारी धाकट्याला दवाखाना सोडता येईना, म्हणून त्याने ढालीचा नमुना पाकिटात घालून पाठवला. कागदावर नव्हे. दाताचा डॉक्टर तो. एक्स-रेची जुनी फिल्म धुऊन काचेसारखी स्वच्छ केली होती आणि दात खरवडायच्या हत्याराने तिच्यावर चित्र कोरलं होतं. चष्मेवाल्याने ती खिडकीच्या काचेवर धरली. मास्तर उठून जवळ गेले आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

डाव्या हाताला, मानाच्या जागी, कासव. उजवीकडे बगळा. बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. दोन्ही प्राण्यांची तोंडं उजवीकडे, म्हणजे कासव मानाच्या जागी बसून बगळ्याकडे टक लावून बघतंय आणि बिचारा बगळा तोंड फिरवून ढालीबाहेर निघालेला. जणू त्याला हाकललंच आहे.

"प्राणी उलटे का हो काढलेत?" चष्मेवाल्याने विचारलं.

"अक्कल उलटी म्हणून," मास्तर म्हणाले. "कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच." मग त्यांना कोपऱ्यात एक ठिपका दिसला. अंगठ्याने पुसून बघितला, तो जाईना. "आणि कामात हा गबाळेपणा!"

त्यांनी तिथेच पत्र लिहिलं, खात्यात ठेकेदारांना लिहायचे तसं. 'तुमचा प्रस्ताव बारकाईने पाहिला. मान्य नाही. ज्याने त्याने आपली जागा ओळखून असावं.' धाकट्याचं उत्तर आलं नाही. तो मंडळात आला नाही, मग घरी यायचा थांबला, मग फोनही बंद झाले. फिल्म मात्र मास्तरांनी टाकली नाही. पुरावा म्हणून फायलीत लावली. देश नसला तरी दफ्तर हवंच.

आता, चार वर्षांनी, दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. मास्तरांची दाढ ठणकायला लागली, आणि धाकटा दवाखाना बंद करून मुलीकडे परदेशात कायमचा निघाल्याची बातमी आली. रविवारचं विमान होतं.

"भाऊजींकडे जा," बायको म्हणाली. "दाढही दाखवून होईल आणि तोंडही."

"गावात दुसरे डॉक्टर मेलेत का?"

"डॉक्टर पुष्कळ आहेत. भाऊ एकच आहे."

"त्याने मला ढालीबाहेर काढलं."

"अहो, कुठल्या ढालीबाहेर?" बायकोने हातातलं भांडं ओट्यावर आदळलं. "जो देश नाही, त्याच्या ढालीवर जो बगळा नाही, त्याचा अपमान झाला म्हणून चार वर्षं सख्ख्या भावाशी अबोला? तो गेला की बसा मग बगळ्याशी गप्पा मारत."

मास्तरांनी गालाला हात लावला. दाढेचं निमित्त होतं म्हणून बरं, नाहीतर उत्तर द्यावं लागलं असतं. खरं सांगायचं तर बातमी कळल्यापासून त्यांनी रविवार किती दिवसांवर आला ते तीनदा मोजलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शुक्रवारी सकाळी ते हट्टाने दोन चौक पलीकडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाई तरुण होत्या, दवाखाना छोटा आणि एक्स-रेचं यंत्र जुनं. त्यांनी मास्तरांना खुर्चीत आडवं केलं, गळ्याभोवती निळा कागदी रुमाल बांधला, गालाच्या आत फिल्म सरकवून चित्र काढलं आणि धुऊन आणलं. मग फिल्म दिव्याकडे धरण्याआधी डोळे मिटून तिच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवू लागल्या.

"काय शोधताय?" मास्तरांनी विचारलं. दुसऱ्याच्या कामाची तपासणी करायची सवय आडवं पडूनही सुटत नव्हती.

"ठिपका, काका. हा बघा, फिल्मच्या कोपऱ्यात एक उंचवटा असतो. तो आपल्याकडे यायला हवा. फिल्म आरपार दिसते ना, उलटी धरली तरी चित्र छानच दिसतं. पण डावीकडचं उजवीकडे जातं. मग दुखरी दाढ राहते जागेवर आणि चांगली येते हातात." त्या हसल्या. "आमच्या सरांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. आधी ठिपका, मग चित्र. आता ते दवाखाना बंद करून चाललेत, तुम्ही ओळखत असाल कदाचित—"

मास्तर उठून बसले होते.

"काका, आडवे व्हा. किडलीय ती, आत खोलपर्यंत."

"राहू दे," मास्तर म्हणाले आणि गळ्यात निळा रुमाल तसाच घेऊन रस्त्यावर आले. लोक बघत होते. झेंडा कसा दिसतो याची जन्मभर काळजी केलेल्या माणसाला त्या दिवशी आपण कसे दिसतो याची शुद्ध नव्हती.

घरी येऊन त्यांनी फाइल ओढली. फिल्म काढली. कोपऱ्यातल्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. खड्डा लागला, उंचवटा पलीकडे होता. आतापर्यंत ती फिल्म त्यांनी शंभर वेळा तरी बाहेर काढली असेल, प्रत्येक वेळी याच बाजूने, प्रत्येक वेळी नव्याने संतापायला. त्यांनी ती उलटली आणि खिडकीकडे धरली.

डाव्या हाताला, मानाच्या जागी, बगळा. मान ताठ, तोंड पुढे. आणि त्याच्या मागून, त्याच दिशेला, त्याच्याकडे बघत चाललेलं कासव.

बायको दारात उभी होती. तिने गळ्यातला रुमाल बघितला, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि चपला त्यांच्या पायाजवळ आणून ठेवल्या. एरवी तिने दोन टोमणे मारल्याशिवाय पाणीसुद्धा दिलं नसतं.

धाकट्याच्या दवाखान्यात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. भिंतीवरचा दातांचा तक्ता उतरवला होता, त्याच्या जागी फिकट चौकोन उरला होता. खुर्ची तेवढी अजून जमिनीला बोल्टांनी धरून होती. धाकटा खाली बसून हत्यारं कागदात गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं. केस बरेच पिकले होते. मास्तरांना ते आवडलं नाही. आपल्याला न विचारता पिकले होते.

"दादा," तो म्हणाला, आणि उठून उभा राहिला.

मास्तरांनी वाटेत भाषण जुळवलं होतं. त्यात तहाची कलमं होती, 'अनवधानाने' हा शब्द दोनदा होता. ते सगळं दाढेने खाल्लं. त्यांनी नुसती फिल्म पुढे केली. धाकट्याने ती घेतली, न बघताच कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, ठिपका स्वतःकडे केला आणि मग उजेडाकडे धरली. हाताची सवयच ती.

"ही ठेवलीस तू?"

"मी उलटी बघितली," मास्तर म्हणाले. "चार वर्षं."

"म्हणजे तुला कासव पुढे दिसलं?"

"हो."

"आणि म्हणून ते पत्र?"

"हो. मग तुला काय वाटलं होतं?"

"तू लिहिलंस ना, आपली जागा ओळखून असावं म्हणून. मी तर मागेच उभा होतो, दादा. मला वाटलं, तुझ्या मागे उभं राहायचीही माझी लायकी नाही."

मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले. पस्तीस वर्षांत त्यांनी एकही नकाशा न तपासता पुढे पाठवला नव्हता. नळाचा एक सांधा चुकला तर अख्खी गल्ली कोरडी राहते, हे ते नवीन पोरांना दरडावून सांगायचे. त्यांना रडू आलं, आणि दाढेमुळे आलं असं दाखवायला त्यांनी गाल धरला.

"सुजलाय की गाल," धाकटा म्हणाला. त्याने मास्तरांच्या गळ्यातला दुसऱ्याच दवाखान्याचा रुमाल बघितला आणि काही विचारलं नाही. गुंडाळलेल्या हत्यारांतली दोन परत सोडवली, हात धुतले, दिवा ओढून घेतला. "पड मागे. उद्या खुर्ची जाणार आहे, आज तू शेवटचा."

मास्तर आडवे झाले. धाकटा वाकला. दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा अगदी जवळ होता, आणि त्यावर राग शोधूनही सापडत नव्हता.

"चूक माझीच रे," तो म्हणाला. "तू थोडाच दातांचा डॉक्टर आहेस? ठिपका जरा ठळक करायला हवा होता मी."

"ठळकच होता," मास्तर म्हणाले. "मी पुसायला निघालो होतो."

"बोलू नकोस आता," धाकटा म्हणाला. "आ कर."

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि दादा झाल्यापासून पहिल्यांदाच, धाकट्याने सांगितलं म्हणून गप्प पडून राहिले.