मनगटावर दुधनी

खोटं कशाला बोलू, त्या घड्याळानं माझी झोप उडवली होती. रविवारी आम्ही मिलमधले दहाजण मिळून सिनेमाला गेलो. पडद्यावरच्या गुप्तहेरानं मनगटावरच्या घड्याळाचा खटका दाबला आणि समुद्रापलीकडच्या माणसाशी घरात बसल्यासारखा बोलायला लागला, तेव्हा मी ताडकन उभाच राहिलो. मागच्यांनी ओरडून खाली बसवलं. पण माझ्या डोक्यात एकच, असलं एक माझ्या हातात हवं आणि एक गुरम्माच्या!

गुरम्मा माझी बायको. लग्नानंतर आठ वर्षांनी पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी दुधनीला गेलेली. दिवस भरलेले. मी सोलापुरात बदली कामगार. रोज गेटावर हजर राहिलं तरच माग मिळतो, आणि कायम व्हायला महिनाच उरलेला. तार यायची ती येईल तेव्हा. जीव नुसता टांगणीला लागला होता.

हे मी मायाप्पाला सांगितलं, हीच चूक. त्याचा माग माझ्या शेजारी. आमच्या खात्यात दोनशे माग एकदम धडधडतात, तिथं ओरडून काही उपयोग नाही. आम्ही ओठ आणि हात बघून बोलतो. चहाड्यासुद्धा तशाच करतो. सोमवारी सकाळी त्यानं मनगट तोंडाशी नेलं, "दुधनी, दुधनी" असे ओठ हलवले आणि हातांचा पाळणा करून झुलवला. मी खुळ्यासारखा माग बंद करून गेटापर्यंत पळालो. तिथं काळं कुत्रंही नव्हतं.

परत आलो तर आमच्या खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, आबासाहेब मागाशी उभे. पुन्हा माग सोडलास तर बदलीच्या यादीतनं नाव काढीन, असं त्यांनी स्वच्छ बजावलं. मायाप्पा हसून लोळायचाच बाकी होता. मग सगळ्या रांगेला तोच खेळ झाला. मनगटावरून कुणी जुळं पाठवी, कुणी तिळं. माझं डोकं मुळात तापट. ठरवलं, आता कुणाकडे बघायचंच नाही.

बुधवारी दुपारी दाराकडून पुन्हा हात हलायला लागले. एकेक माणूस वळे, पाळणा करून पुढच्याला दाखवी. पाळणा माग ओलांडत ओलांडत माझ्याकडे येत होता. मायाप्पानं तर गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी त्याला मागातनं काढलेला रिकामा धोटा उगारून दाखवला आणि कापडावरची नजर हलू दिली नाही.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि माग थांबला. वळून बघतो तर आबासाहेब! चालू माग बंद पडला तर ज्यांना जेवण गोड लागत नसे, त्यांनी तो स्वतःच्या हातानं बंद केला होता. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं, माझ्या जागी उभे राहिले आणि दांडा ओढून माग सुरू केला.

मी पळत सुटलो. गेटावर गुरम्माचे मामा, कल्लप्पा, सकाळच्या गाडीनं आलेले. पहारेकरी त्यांना आत सोडत नव्हता. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी मामांना मिठीच मारली, अंगावरच्या तेला-कापसासकट. हसतोय की रडतोय, माझं मलाच कळेना.

मागांच्या खडखडाटानं माझे कान निम्मे गेलेत. लेकराचं रडणं तरी ऐकू येईल का, ही धास्ती मी फक्त गुरम्माला सांगितली होती. मामांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"जावईबापू, गुरम्मानं निरोप दिलाय. भिऊ नका म्हनली. पोरीचा आवाज लई मोठा हाय, तुमाला बी ऐकू येतंय की."