उन्हं कलल्यावरचा भाव

मी एक जुनी बांबूची टोपली आहे. ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. तुमच्याशी मैत्री करायची मला मुळीच हौस नाही.

टोपल्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं आणि भेंडी पिकवणाऱ्या मावशीने विकत घेतलं. पहाटे कोवळी भेंडी तोडायची, मला डोक्यावर घ्यायचं आणि गावच्या टेम्पोतून बाजार गाठायचा, हा तिचा नेम. तेव्हा सकाळीच तिच्याभोवती झुंबड उडायची. लोक भेंडीसोबत माझ्या घट्ट विणीचंही कौतुक करायचे.

मग गावाकडच्या रस्त्यावर तोंड बांधलेले लुटारू आले. अंधारात येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून मारू लागले. टेम्पोवाला दिवस मावळायच्या आत परतू लागला. हे तुमच्या घरच्यांना कळलं मात्र, त्यांनी सकाळी भेंडी घेणंच सोडलं. उन्हं कलल्यावर मावशीची घालमेल सुरू झाली की पिशव्या घेऊन हजर. मला त्यांचा संताप यायचा.

एकदा चष्मेवाल्या बाई एकेक भेंडीचं टोक मोडत बसल्या.

“ताई, घ्यायची तर घ्या. टेम्पो सुटेल माझा. घरी लेक एकटी आहे,” मावशी म्हणाली.

“मग द्या की निम्म्यात. परत नेऊन काय करणार?”

“रोज निम्म्यातच देते. आज नाही परवडत.”

“बघा बाई, अंधार पडेल.”

मावशी हटली नाही, बाईही हलल्या नाहीत. टेम्पोचा हॉर्न ऐकू आला तशी मावशी मला शेजारच्या कांदेवाल्याकडे टाकून धावली. पण टेम्पो गेला होता. लेकीच्या काळजीने ती पायीच निघाली.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या.

“मावशी दिसत नाहीत?”

“वाटेत गाठलं तिला,” कांदेवाला म्हणाला. “कानातलं ओरबाडलं, हात मोडला. आता नाही येणार ती.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या. “मग आता स्वस्तात भेंडी कुठे मिळेल हो?”

कांदेवाला खाली बसून कांदे निवडू लागला. हल्ली तो माझ्यात सडके कांदे टाकतो. माझी वीण उसवली आहे, पण माझी कीव करू नका.

भाव करा मित्रांनो, जरूर करा. पण समोरचीला घर गाठायची धास्ती आहे, हे हेरून करू नका. तसंच करायचं असेल, तर त्या रस्त्यावरच्या लोकांसारखं निदान तोंड बांधून या.