लिफ्टवाल्याचं इंग्रजी

"नो वरीज," नवरा पाय हलवत म्हणाला, तशी ती उठली आणि पलंगाखालचं भांडं काढून तिने त्याला कुशीवर वळवलं.

वन्सं दारातच थबकल्या. "अगं वहिनी, हे काय? मराठी सगळं गिळून बसला आणि इंग्रजी फाडतोय! साहेब झाला की आमचा दादा."

तिला हसू आलं नाही. रडूही येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडून परतताना गाल असतो, तसं सगळं बधिर झालं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी तिला मिळाली, तेव्हा तिचा सराव म्हणून रोज संध्याकाळी तोच गिऱ्हाईक व्हायचा. स्टीलचा पेला फोनसारखा कानाला लावून खेकसायचा. तिच्याकडूनच शिकलेलं बोलीतलं इंग्रजी तिच्यावरच फेकायचा. ऐन भांडणात "हँग ऑन!" म्हणजे 'थांबा जरा' असं फर्मावून खुशाल आंघोळीला जायचा, आणि ती आपला पेला कानाशी धरून बसायची.

अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा गेली. तिचं नावसुद्धा गेलं. घोकलेले असे एक-दोन तुकडे उरतात कधीकधी, डॉक्टर म्हणाले होते.

आज रजा संपली. गेली नाही तर नोकरी जाणार, आणि आता घर चालायचं ते तिच्याच पगारावर.

"नीट ऐका, वन्सं. 'नो वरीज' पाय हलवत म्हणाले तर भांडं. आठी घालून म्हणाले तर दुखतंय. 'हँग ऑन' म्हणाले की पाणी."

"आणि नो वरीजचा खरा अर्थ गं?"

"काळजी नको."

वन्संनी बोटांवर मोजत तिन्ही खुणा पुन्हा घोकल्या.

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला. वन्संनी तो दादाच्या कानाशी धरला. नुसता श्वास ऐकू आला. तिच्या तोंडातून सवयीचंच बाहेर पडलं, "गुड आफ्टरनून, हाउ मे आय हेल्प यू?"

मग एकदम खेकसणं, "हँग ऑन!"

"देते हं पाणी, दादा," वन्संचा आवाज आला. मग, "अगं वहिनी, पीत नाहीये. सगळं सांडलं बघ अंगावर. पेला कानाला लावतोय!"

"लावू दे," ती म्हणाली. "फोन ठेवू नका."

"ताई, जेवायचं नाही का?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

तिने हातानेच थांब अशी खूण केली, आणि डबा न उघडता फोन कानाशी धरून बसून राहिली.